आईबाबांचा आरोग्य विमा: जून ते जानेवारी

३० जून २०२५ हा माझा जुन्या कंपनीतला शेवटचा दिवस. संध्याकाळी लॅपटॉप आणि ओळखपत्र जमा केलं, सगळ्यांचा निरोप घेतला, आणि त्याच रात्री आईबाबांचा आरोग्य विमा संपला. मला ते कळलं ११ जुलैला. नव्या ऑफिसात विम्याचा फॉर्म भरताना एचआरच्या मॅडम म्हणाल्या, "आमच्याकडे फक्त कर्मचाऱ्याचा असतो, आईवडिलांचा नाही." जुन्या कंपनीत माझ्या पगारातून दरमहा १,४५० रुपये कापून दोघांनाही गटविम्यात घेतलं होतं. ती सोय नोकरीला बांधलेली असते, हे मी कधी मनावरच घेतलं नव्हतं.

घरची परिस्थिती सांगते, म्हणजे पुढचे आकडे समजतील. आईबाबा इचलकरंजीत राहतात, मी पुण्यात. बाबांनी चाळीस वर्षं यंत्रमागावर काढली, त्यातली शेवटची पंधरा जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, म्हणून. त्यांना औषधपाण्याची कुठलीच सवलत नाही. २०१९ साली त्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत एक स्टेंट बसवला. तेव्हा १,६८,००० रुपये लागले, आणि त्यातले बरेचसे आईच्या पाटल्या मोडून उभे केले. विमा संपला तेव्हा बाबा ७० वर्षांचे होते. आई ६६ची, बारा वर्षांपासून मधुमेह. दादा टेम्पो चालवतो. माझ्या हातात महिन्याला ३४,००० रुपये येतात.

पहिली चूक इथेच सांगते, कारण ती टाळता येते. गटविम्यातून बाहेर पडताना त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची विनंती करता येते, आणि मग आधीच्या वर्षांचा प्रतीक्षाकाळ (जुन्या आजाराला संरक्षण मिळण्याआधी थांबायचा काळ) वाया जात नाही. पण ती विनंती वेळेत करावी लागते. मी १४ जुलैला जुन्या एचआरला मेल केला, उत्तर आलं २२ला: मुदत उलटली. आईची मधुमेहासाठी भरलेली तीन वर्षं तिथेच गेली. तुम्ही नोकरी बदलणार असाल तर राजीनामा देतानाच हा प्रश्न लेखी विचारा.

मग शोध सुरू झाला. जुलैचा शेवट आणि ऑगस्टचे पहिले दोन आठवडे मी रोज जेवणाच्या सुट्टीत फोनवर असे. मनात धाकधूक होती, पण थोडी आशाही होती, कारण गेल्या दोन वर्षांत नियम बदलल्याचं वाचलं होतं. पूर्वी ६५ वर्षांपुढच्या माणसाला नवी पॉलिसी मिळणं अवघड होतं. एप्रिल २०२४ पासून विमा नियामक प्राधिकरणाने ती वयाची अट काढली. आधीपासून असलेल्या आजारांसाठी जास्तीत जास्त चार वर्षं थांबावं लागायचं, ते तीन वर्षांवर आणलं. पाच वर्षं सलग हप्ता भरला की जुनं काही उकरून काढून दावा नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध झाली तरच. हे आधी आठ वर्षं होतं.

बाबांच्या बाबतीत मात्र दोन कंपन्यांनी फोनवरच नाही म्हटलं. वयाला कोणाची हरकत नव्हती, स्टेंटला होती. वयाची अट गेली म्हणजे प्रत्येकाला पॉलिसी द्यायलाच हवी असं नाही. तब्येत पाहून नाकारण्याचा अधिकार कंपनीकडे आहेच. तिसरी कंपनी तयार झाली, पण ५ लाखांच्या संरक्षणासाठी एकट्या बाबांचा हप्ता ६२,००० रुपये, वर कर, आणि हृदयाच्या आजारासाठी तीन वर्षं थांबायचं. म्हणजे ज्याची भीती त्याच आजाराला संरक्षण नाही. मी फोन ठेवला आणि ऑफिसच्या जिन्यात बराच वेळ बसून राहिले. रात्री बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "माझं राहू दे गं. तुझ्या आईचं आधी बघ."

बाबांचा मार्ग शेवटी सरकारी योजनेतून निघाला. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारत योजनेत वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मोफत आहेत. त्यासाठी वेगळं कार्ड निघतं, आयुष्मान वय वंदना. वय फक्त आधारवरून धरतात. बाबांच्या आधारवर १ जानेवारी १९५५ ही तारीख आहे, शाळेत नाव घालताना मास्तरांनी लिहिलेली, आणि त्या तारखेने ते जानेवारी २०२५मध्ये ७०चे झाले होते. खरा वाढदिवस कधी ते आजीलाही सांगता यायचं नाही. जुना आजार असला तरी पहिल्या दिवसापासून उपचार मिळतात, प्रतीक्षाकाळ नाही. मला वाटलं, मोबाइलवर दहा मिनिटांचं काम आहे.

लागले सतरा दिवस. आयुष्मान ॲपमध्ये आधार क्रमांक टाकला, ओटीपी गेला तो बाबांच्या जुन्या नंबरवर, जो २०२१ पासून बंद आहे. १५ ऑगस्टच्या सुट्टीला जोडून मी इचलकरंजीला गेले आणि शनिवारी १६ला त्यांना आधार केंद्रावर नेलं. मोबाइल नंबर बदलायला कुठलाही कागद लागत नाही, फक्त आधार, माणूस स्वतः आणि शुल्क, तेव्हा ५० रुपये होतं. पण बोटांचे ठसे उमटेनात. चाळीस वर्षं सूत, तेल आणि गाठी हाताळून बाबांच्या बोटांवरच्या रेषाच झिजल्या आहेत. केंद्रावरच्या मुलाने चार वेळा बोटं पुसून घेतली, क्रीम लावायला सांगितलं, शेवटी डोळ्यांवरून ओळख पटवली. बाबा आपल्या बोटांकडे बघत उभे होते. तो क्षण माझ्या मनातून जात नाही.

नवा नंबर जोडला गेल्याचा मेसेज २५ ऑगस्टला आला. दादाने त्याच रात्री पुन्हा प्रयत्न केला, फोटोच्या टप्प्यावर ॲप दोनदा अडकलं, आणि १ सप्टेंबरला, सोमवारी, कार्ड हातात आलं. खर्च ५० रुपये आणि रिक्षाचे १२०. घरात कोणी वृद्ध असेल आणि हातांनी कष्ट केलेले असतील, तर ठशांच्या भरवशावर राहू नका. ॲपमध्ये चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय आहे, ती आधी वापरून पाहा. मोबाइल नंबर आजच तपासा. दवाखान्याच्या दारात हे काम होत नाही.

कार्ड आल्यावर दादाला एक काम सांगितलं: सांगली, मिरज आणि कोल्हापुरातली अंगीकृत (योजनेत सामील) रुग्णालयं १४५५५ या योजनेच्या हेल्पलाइनवर विचारून घे, आणि त्यातल्या दोन ठिकाणी जाऊन आरोग्यमित्राला, म्हणजे रुग्णालयात योजनेची मदत करणाऱ्या माणसाला, भेट. एका ठिकाणी सांगितलं, हृदयविकार विभाग योजनेत नाही, हाडांचा आहे. म्हणजे रुग्णालयाचं नाव यादीत असून पुरत नाही, आपल्याला लागणारा विभागही यादीत हवा. दुसऱ्या ठिकाणच्या आरोग्यमित्राने नीट बसवून कागद सांगितले: कार्ड, आधार, रेशनकार्ड, जुने रिपोर्ट. ते सगळं आता एका पिशवीत घालून दाराजवळच्या खिळ्याला टांगून ठेवलंय.

आता आई. तिचं वय ६६, म्हणजे वय वंदनाला अजून चार वर्षं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना महाराष्ट्रात आता सगळ्याच रेशनकार्डधारकांना आहे, आमचं केशरी कार्ड आहे, त्यामुळे मोठी शस्त्रक्रिया आली तर तो आधार आहेच. पण तिथे आजार यादीत असावा लागतो आणि रुग्णालय अंगीकृत असावं लागतं. रात्री दोनला ताप चढला की माणूस यादी बघत नाही, गल्लीच्या टोकावरच्या दवाखान्यात जातो. त्यासाठी आईची खासगी पॉलिसी घ्यायचं आम्ही ठरवलं.

ऑगस्टमध्ये आलेला दर असा होता: ५ लाखांचं संरक्षण, प्रत्येक दाव्यात २० टक्के आपला वाटा, हप्ता ३१,६०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी ५,६८८, एकूण ३७,२८८. तो २० टक्के वाटा काढून टाकला तर हप्ता नऊ हजारांनी वाढत होता. दादा म्हणाला, एवढे कुठून आणायचे, वाटा राहू दे.

३ सप्टेंबरला जीएसटी परिषदेचा निर्णय आला. वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा कर पूर्ण माफ, २२ सप्टेंबरपासून. (गटविम्यावरचा कर तसाच आहे, हे लक्षात ठेवा.) ती बातमी मी बसमध्ये वाचली आणि उतरेपर्यंत तीनदा वाचली. ५,६८८ रुपये म्हणजे आमच्याकडे आईबाबांची दोन महिन्यांची औषधं. गल्लीतले एजंट काका फोनवर म्हणाले, "ताई, थांबू नका, मागनं दर वाढतील." मी थांबले. तुम्हीही असे निर्णय स्वतःच्या हिशोबाने घ्या, पण तोवर विम्याशिवाय राहायची जोखीम असते हे धरून चाला. ते तीन आठवडे मला आईचा फोन वाजला तरी दचकायला व्हायचं.

८ सप्टेंबरला प्रस्ताव भरला. काकांनी चांगल्या मनानेच सुचवलं की साखर "नुकतीच लागली" असं लिहू. मी स्पष्ट नाही म्हटलं. बारा वर्षं म्हणजे बारा वर्षं लिहिली, गोळ्यांची नावं लिहिली, जुने रिपोर्ट जोडले. लपवलेली गोष्ट दाव्याच्या दिवशी बाहेर येते, आणि तेव्हा हप्ताही गेलेला असतो आणि बिलही आपल्यावर पडतं. यात कोणाचं ऐकू नका.

१३ला, शनिवारी, आईची तपासणी झाली, सकाळी सात वाजता, उपाशीपोटी. खर्च कंपनीचा. एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ८.२ आलं. २४ तारखेला मेल आला की प्रस्ताव मान्य आहे, पण मधुमेहामुळे हप्त्यावर २० टक्के लोडिंग, म्हणजे जादा आकार, संमती असेल तर कळवा. ३१,६०० वर ६,३२०. एकूण ३७,९२०.

म्हणजे कर गेला आणि त्याहून थोडं जास्त लोडिंग आलं. मी कागदावर दोन्ही आकडे एकाखाली एक लिहिले. करासकट ३७,२८८, करमाफीनंतर ३७,९२०. कर माफ झाला नसता तर ४४,७४६ भरावे लागले असते, हे खरं आहे आणि त्याचा फायदा मी नाकारत नाही. पण माझ्या एका महिन्याच्या पगारापेक्षा ही रक्कम मोठी होती आणि मोठीच राहिली. नियमांनी आईला रांगेत उभं राहायचा हक्क दिला, प्रतीक्षाकाळ कमी केला. हप्ता किती असावा यावर मात्र त्यांचा फार ताबा नाही. साठीच्या पुढच्यांसाठी जानेवारी २०२५ पासून एवढंच आहे की एका वर्षात १० टक्क्यांहून जास्त वाढ करायची तर कंपनीने प्राधिकरणाशी आधी सल्लामसलत करावी. दरवर्षी १० टक्के धरले तर पाच वर्षांत हा हप्ता ६१,००० च्या घरात जातो. शिवाय ज्येष्ठ आईवडिलांच्या हप्त्यावर ५०,००० पर्यंत मिळणारी आयकराची सवलत जुन्या करप्रणालीतच आहे. माझ्या पगाराला नव्या प्रणालीत करच लागत नाही, त्यामुळे तीही माझ्या कामाची नाही. साठ ते सत्तरमधली, जुना आजार असलेली, पेन्शन नसलेली माणसं मधल्यामध्ये सापडतात. आमच्या गल्लीतच अशी पाच-सहा घरं आहेत आणि त्यांच्यापैकी कोणाकडेही पॉलिसी नाही.

२६ सप्टेंबरला पैसे भरले, १९,००० दादाचे, बाकी माझे. २९ला पॉलिसी आली, ४३ पानांची, इंग्रजीत. सोबत ग्राहक माहिती पत्रक असतं, चार-पाच पानांचं, त्यात काय मिळणार आणि काय नाही ते थोडक्यात दिलेलं असतं. ते मागितलं तर आपल्या भाषेत द्यावं लागतं. मी मराठीत मागितलं, आठ दिवसांनी आलं, आणि आईने ते चष्मा लावून स्वतः वाचलं. तिनेच विचारलं, "मोतीबिंदूला दोन वर्षं थांबायचं होय?" माझ्या नजरेतून ते सुटलं होतं. पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवसांत पटली नाही तर परत करता येते, त्यामुळे हे वाचन पहिल्या महिन्यातच उरका. खोलीभाड्याची मर्यादा नक्की पाहा. आमच्या पॉलिसीत ती दिवसाला ५,००० आहे. त्यापेक्षा महाग खोली घेतली तर फक्त भाड्यातला फरक भरून सुटका होत नाही, डॉक्टरांची फी आणि इतर खर्चही त्याच प्रमाणात कापले जाऊ शकतात.

पॉलिसी इतक्या लवकर लागेल असं वाटलं नव्हतं. ९ डिसेंबरला, मंगळवारी संध्याकाळी, आईला धाप लागली. न्यूमोनिया. दादाने तिला जवळच्या खासगी रुग्णालयात नेलं, ते कंपनीच्या नेटवर्कमध्ये होतं, हे आम्ही ऑक्टोबरमध्येच तपासून ठेवलं होतं. मी रात्रीची एसटी पकडली. रुग्णालयाने १५,००० अनामत मागितली, दादाने डिझेलसाठी ठेवलेले पैसे दिले. कॅशलेस, म्हणजे कंपनीने बिल थेट रुग्णालयाला देण्याची सोय, असली तरी हाताशी एवढी रोकड लागते.

कॅशलेसची विनंती ९ वाजून ४० मिनिटांनी गेली. नियम असा की कंपनीने तासाभरात निर्णय द्यावा. ११ वाजता निर्णयाऐवजी शंका आली: हा आजार मधुमेहामुळे आहे का? कारण मधुमेहाचा प्रतीक्षाकाळ सप्टेंबर २०२८ पर्यंत आहे. सकाळी डॉक्टरांनी दोन ओळींचं पत्र दिलं, संसर्गामुळे झालेला न्यूमोनिया, मधुमेहाची गुंतागुंत नाही. साडेदहाला मंजुरी आली. ती रात्र मी एसटीत बसून काढली, आणि आईचा श्वास कसा आहे हे विचारण्याआधी मी दादाला मंजुरीचं विचारत होते. याचं मला फार वाईट वाटलं.

१३ला, शनिवारी, घरी सोडायचं ठरलं. अंतिम बिल ११ वाजून २० मिनिटांनी कंपनीकडे गेलं. ही मंजुरी तीन तासांत यायला हवी, आली ५ वाजून ५ मिनिटांनी. दरम्यान बिलात अर्ध्या दिवसाचं खोलीभाडं १,६०० वाढलं होतं. तीन तासांपुढे झालेल्या उशिराचा जादा खर्च विमा कंपनीने सोसायचा, असं विमा प्राधिकरणाच्या मे २०२४च्या परिपत्रकात आहे. ते पान मी फोनमध्ये ठेवलं होतं. काउंटरवरच्या ताईंना दाखवलं, त्यांनी एक फोन केला आणि ती रक्कम काढली. त्यांनाही हा नियम माहीत नव्हता, त्यांनी फोटो काढून घेतला. तुम्हीही फोनमध्ये ठेवा.

एकूण बिल ६८,४००. त्यातले ५,९०० हातमोजे, मास्क, फाइल वगैरे न मिळणाऱ्या वस्तूंचे. उरलेल्या ६२,५०० वर आमचा २० टक्के वाटा १२,५००. कंपनीने ५०,००० दिले, आम्ही १८,४००. अनामतीतून ते वळते होऊन वर ३,४०० भरावे लागले. दावा नाकारला गेला असता तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे आणि एका महिन्यात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जायचं, हे मी लिहून ठेवलं होतं. लोकपालाकडे पैसे लागत नाहीत, वकीलही लागत नाही. तिथपर्यंत जावं लागलं नाही.

घरी आल्यावर बाबांनी पाटीवर हिशोब मांडावा तसा मांडला. हप्ता आणि आमचा वाटा मिळून वर्षाचे ५६,३२०. विमा नसता तर ६८,४००. वाचले १२,०८०. "एवढ्यासाठी एवढं?" असं त्यांनी विचारलं, आणि मग स्वतःच म्हणाले, "पण या वेळी काही मोडावं लागलं नाही." आईच्या हातात आता दोनच बांगड्या आहेत, त्या तिने पदराखाली घेतल्या.

आई जून २०२९ मध्ये ७० वर्षं पूर्ण करेल. तोपर्यंत तीन नूतनीकरणं. सप्टेंबर २०२६चा हप्ता १० टक्के वाढला तर ४१,७१२ होईल. दादा आणि मी मिळून बँकेत नऊ महिन्यांचं आवर्ती खातं उघडलंय, प्रत्येकी दरमहा २,३५० रुपये. पहिला हप्ता ५ जानेवारीला भरला.